विहिरीच्या कड्याचे काँक्रीट आणि पन्हळीचा सुरक्षित उपयोग

दख्खनच्या पठारावर विहीर खोदताना बहुधा वरून प्रथम माती, नंतर मुरूम व त्याखाली मांजऱ्या लागतो. काळा पाषाण लागेपर्यंतचा हा सर्व थर ढासळणारा असतो. पावसाळ्यात त्यात पाणी मुरले म्हणजे बाजू आत सरकू लागतात, आणि दोन-तीन उन्हाळ्यांच्या श्रमाने व कर्जाने तयार झालेली विहीर एका रात्रीत बुजून जाते. म्हणून पाषाणावर पाया घेऊन जमिनीच्या वर येईपर्यंत विहिरीस आतून बांधकाम करावे लागते. पूर्वी हे काम घडीव दगडात होत असे. आता लोखंडी साचे लावून सळई व काँक्रीटची कडी एकावर एक ओतण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी रूढ झाली आहे. काम लवकर उरकते, आणि नीट केले तर ते दगडी बांधकामापेक्षा कमी टिकाऊ नाही.

या पद्धतीत एक अडचण मात्र आहे. काँक्रीट तयार होते काठावर आणि ते हवे असते आठ-दहा मीटर खाली. ते खाली पोचविण्यासाठी पत्र्याची पन्हळ वापरतात. मिक्सरवाले तिला ‘शूट’ म्हणतात. साचे, सळई, सिमेंटची जात यांविषयी शेतकरी बारकाईने चौकशी करतो. पन्हळीकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. मिळेल तो जुना पत्रा वाकवून, दोन बांबू खाली देऊन काम सुरू होते. कड्याचा कच्चेपणा आणि मजुरांना होणाऱ्या इजा या दोन्हींचे मूळ पुष्कळदा या एकाच वस्तूत असते, हे ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी ध्यानात घ्यावे. काँक्रीट खाली नेण्याचे काम उताराने आणि नळीने झाले पाहिजे. ते काम पाण्याकडून किंवा माणसाच्या हाताकडून करून घेण्याची पाळी आली, की कडेही बिघडते आणि माणूसही संकटात सापडतो.

एका कड्यात माल किती?

आतून सहा मीटर व्यासाची विहीर, कड्याची जाडी २० सेंटिमीटर व एका वेळी ओतावयाची उंची एक मीटर असे धरले, तर एका कड्यास सुमारे ३.९ घनमीटर काँक्रीट लागते. एक घनमीटर काँक्रीटचे वजन सुमारे २,४०० किलो असते. म्हणजे दिवसभरात नऊ टनांहून अधिक माल त्या पत्र्यावरून खाली जावयाचा आहे. हा आकडा एकदा मनात बसला म्हणजे पन्हळ बांबूवर का टेकवू नये हे वेगळे सांगावे लागत नाही.

तीन मीटर लांबीची, ३० सेंटिमीटर रुंदीची अर्धगोल पन्हळ मालाने तुंबून काठोकाठ भरली, तर नुसत्या मालाचेच वजन अडीचशे किलोच्या आसपास होते. सुरळीत वाहत असताना पन्हळीत इतका भार नसतो. परंतु आधार बांधावयाचा तो सुरळीत वेळेचा हिशेब करून नव्हे, तर तुंबलेल्या वेळेचा करून. पन्हळीखाली लोखंडी घोडे असावेत, आणि वरचे टोक जमिनीत पक्क्या ठोकलेल्या पहारेला तारेने बांधावे. साच्यावर पन्हळ टेकवू नये. साचा हा काँक्रीटचा दाब सोसण्यासाठी असतो. त्यावर पन्हळीचे हादरे बसू लागले म्हणजे त्याचे बोल्ट सैल होतात व कड्याचा गोल बिघडतो.

पन्हळीचा उतार

पन्हळीचा उतार दोन मीटर आडव्या अंतरास एक मीटर याहून उभा नसावा आणि तीन मीटरांस एक मीटर याहून सपाट नसावा. उभ्या पन्हळीत जड खडी पुढे पळते व सिमेंट-वाळूचा मसाला मागे राहतो. सपाट पन्हळीत माल सरकतच नाही, मग खालचा मनुष्य वरच्याला हाक मारतो, “दादा, जरा पाणी मारा, माल सरकत नाही!” आणि वरचा बादली ओततो.

ही बादली फार महाग पडते. भारतीय मानक ४५६ (सन २०००) मध्ये एम-२० प्रतीच्या ठोकळ प्रमाणातील काँक्रीटसाठी ५० किलोच्या पिशवीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी सांगितले आहे, आणि ओल्या वाळूतील पाणीही त्यातच धरावयाचे असते. पिशवीमागे आणखी पाच-सात लिटर पडले तर माल पन्हळीतून पळतो खरा, पण जास्तीचे पाणी सुकून गेल्यावर त्याच्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहतात व कडे कच्चे होते. सिमेंटच्या किमतीवरून ठेकेदाराशी तासभर वाद घालणारा शेतकरी ही बादली मात्र निमूटपणे पाहतो, याचे प्रस्तुत लेखकास नेहमी नवल वाटते. माल सरकत नसेल तर पाणी वाढवू नये. मिक्सरखालचा ओटा उंच करून उतार वाढवावा.

उतार मोजण्यास यंत्र लागत नाही. मिक्सरचे तोंड व काठ यांमधील आडवे अंतर दोरीने मोजावे आणि उंचीतील फरक ओळंब्याने पाहावा. आडवे अंतर तीन मीटर असेल तर फरक एक मीटर ते दीड मीटर हवा. मिक्सर काठाला लागून उभा करण्यापेक्षा असा तीन मीटर मागे, मुरमाच्या ठोकलेल्या ओट्यावर घेणे दोन्ही दृष्टींनी बरे; पन्हळीस उतार मिळतो आणि यंत्राचा हादरा विहिरीच्या काठास बसत नाही.

पन्हळ लोखंडी पत्र्याची व गोल बुडाची असावी. कोपरे असलेल्या चौकोनी पन्हळीत माल कोपऱ्यांत चिकटून वाळतो. ॲल्युमिनियमचा पत्रा हलका असला तरी वापरू नये. ओल्या सिमेंटशी त्याची रासायनिक क्रिया होऊन वायू सुटतो व काँक्रीटमध्ये बुडबुडे राहतात. काम सुरू करण्यापूर्वी पन्हळ पाण्याने ओली करावी, म्हणजे पहिला माल चिकटत नाही.

नरसाळे व सोंड

येथवरची पन्हळ माल फक्त काठापर्यंत आणते. पुढचा प्रवास अधिक बिकट आहे, आणि बहुतेक चुका येथेच होतात.

कित्येक कामांवर हीच पन्हळ लांबवून विहिरीच्या आत सोडतात. आठ मीटर खाली योग्य उताराने माल न्यावयाचा तर पन्हळीस १६ ते २४ मीटर आडवी जागा पाहिजे; विहीर तर सहाच मीटर रुंद! साहजिकच पन्हळ भिंतीलगत जवळजवळ उभी लटकते, व माल तिच्यातून वाहत नाही, पडतो. पडताना खडी साच्यावर व सळईवर आपटून उसळते. वर उल्लेखिलेल्या मानकानुसार काँक्रीट दीड मीटरहून अधिक उंचीवरून मोकळे पडू देऊ नये. येथे तर ते त्याच्या पाचपट उंचीवरून पडत असते. साचा काढल्यावर कड्याच्या तळाशी नुसती खडी व मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके दिसतात, ती यामुळेच. मग गवंडी वरून सिमेंटचा गिलावा ओढून ती झाकतो. गिलाव्याने भोक दिसेनासे होते, भरत नाही.

यावर उपाय असा. पन्हळीच्या खालच्या टोकाशी पत्र्याचे मोठे नरसाळे ठेवावे आणि त्याच्या तोंडास पत्र्याच्या नळ्यांची उभी माळ जोडावी. हत्तीच्या सोंडेसारखी ती खाली लोंबत असल्याने तिला आपण सोंड म्हणू. नळीचा व्यास खडीच्या मोठ्यात मोठ्या आकाराच्या आठपट तरी असावा. २० मिलिमीटर खडीस १६ सेंटिमीटर पुरतात, पण २० सेंटिमीटरची नळी घेतल्यास तुंबण्याची धास्ती कमी राहते. प्रत्येक तुकडा सुमारे एक मीटर लांब असावा व वरचा तुकडा खालच्या तुकड्याच्या तोंडात शिरेल असा किंचित निमुळता करून साखळीने अडकवावा. कडी जसजशी वर येतील तसतसा खालचा एकेक तुकडा काढून घ्यावा. सोंडेचे टोक मालाच्या पृष्ठभागापासून एक मीटरच्या आत राहील असे पाहावे.

सोंड कशाला टांगावयाची हा प्रश्न हलका समजू नये. २० सेंटिमीटर व्यासाची सहा मीटर लांब सोंड तळाशी अडून भरली तर आतील मालाचे वजन साडेचारशे किलोच्या घरात जाते. काथ्याच्या दोरास किंवा बाभळीच्या वाशास हा भार सोसत नाही. यारीचा दोर तारेचा व चांगल्या स्थितीतील असेल तर यारीस, नाही तर विहिरीवर आडव्या टाकलेल्या लोखंडी तुळईस ती साखळीने टांगावी. एका तुटीसाठी सर्व सोंड खाली जाऊ नये म्हणून दुसरी मोकळी साखळीही बांधून ठेवावी.

कड्याचा घेर जवळजवळ साडेएकोणीस मीटर असतो. एकाच जागी माल ओतून तो फावड्याने घेरभर ओढीत नेला तर मसाला पुढे जातो व खडी मागे राहते. शिवाय साच्यावर एका बाजूने दाब येऊन तो सरकतो. म्हणून काठावर निदान चार ठिकाणी सोंड टांगण्याची सोय आधीच करून ठेवावी व सुमारे ३० सेंटिमीटरचा एकेक थर घेराभोवती समान चढवीत जावा. मिक्सर एकाच जागी असल्याने पन्हळ दोन ठिकाणांपर्यंतच पोचते असे दिसेल. उरलेल्या दोन ठिकाणी नरसाळ्यात घमेल्यांनी माल टाकावा. त्यास मजूर अधिक लागतात हे खरे, पण त्याला इलाज नाही. घमेली वाहणाऱ्या स्त्रियांसाठी काठावर कमरेइतक्या उंचीचा कठडा व पायाशी फळी असावी. फळीमुळे पाय घसरत नाही, व सांडलेली खडी खाली जात नाही.

विहिरीत उतरणारा माणूस

आठ मीटर उंचीवरून निसटलेला खडीचा तुकडा तळाशी पोचतो तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे ४५ किलोमीटर असतो. डोक्यास फेटा गुंडाळलेला आहे म्हणून निर्धास्त राहणे योग्य नव्हे. विहिरीत उतरणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर कडक टोपी, पायात गमबूट, हातात रबरी मोजे आणि कमरेस काठावर बांधलेला पट्टा असावा.

माल पडत असताना खालच्या माणसाने सोंडेखाली तर नव्हेच, पण तिच्या बाजूसही उभे राहू नये. परांचीच्या विरुद्ध अंगास थांबावे. एक थर टाकून झाला, वरून “बंद” झाल्याची खूण मिळाली, सोंड रिकामी झाली, की मगच पुढे येऊन सळईने किंवा व्हायब्रेटरने माल ठासावा. पुन्हा मागे जावे आणि मग वर खूण द्यावी. मिक्सरच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत व ‘हो’ आणि ‘नको’ यांत घोटाळा होतो. म्हणून शिट्टीच्या खुणा ठरवाव्यात, आणि काठावर एकच माणूस खुणा देणारा असावा. त्याने दुसरे काम करू नये. या माणसाची रोजंदारी वाया जाते असे पुष्कळांना वाटते. प्रस्तुत लेखकाच्या मते साऱ्या कामावर सर्वांत आधी नेमावयाचा मजूर तोच.

खरा धोका तुंबलेल्या सोंडेचा. एका कामावर उभी लटकविलेली पन्हळ दुपारी तुंबली. सकाळचा वाळलेला माल कोणी खरवडला नव्हता. खालचा बिगारी तिच्या तोंडाशी उभा राहून पहारेने कोचू लागला. बूच निघाले आणि वर अडकलेला सर्व माल एकदम त्याच्या अंगावर आला. खांदा मोडला, व डोळ्यांत सिमेंट गेले. काठावर पिण्याच्या पाण्याची एकच कळशी होती. तीत तळाशी थोडे पाणी होते. तो मनुष्य वाचला, परंतु पुढील दोन हंगाम त्याला नांगर धरता आला नाही.

तुंबलेली सोंड खालून कधीही कोचू नये. प्रथम मिक्सरमधून माल सोडणे थांबवावे व खालच्या माणसास परांचीच्या लांबच्या टोकास किंवा विहिरीबाहेर आणावे. नंतर काठावरून नळीस बाहेरून लाकडी हातोड्याने ठोकावे, किंवा नरसाळ्यातून लांब सळई घालून मोकळे करावे. तरीही न निघाल्यास यारीने सोंड वर घेऊन जमिनीवर तुकडे सोडवावेत. पन्हळीत अथवा नरसाळ्यात हात घालू नये. दुपारच्या सुटीपूर्वी पन्हळ व सोंड दोन्ही धुवून ठेवण्याचा नियम पाळला, तर ही पाळी क्वचितच येते.

ओल्या सिमेंटने कातडी भाजते, हे अनेकांना ठाऊक नसते, कारण ते चुन्यासारखे लगेच झोंबत नाही. गमबुटात शिरलेला माल संध्याकाळपर्यंत तसाच राहिला तर पायास खोल जखम होते. विजारीचे पाय बुटाच्या आत खोचू नयेत, बाहेर ठेवावेत. अंगावर माल उडाल्यास लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेल्यास निदान पंधरा ते वीस मिनिटे पाण्याची धार धरावी व नंतर दवाखान्यात न्यावे. त्यासाठी काठावर स्वच्छ पाण्याचे एक भरलेले पिंप वेगळे ठेवावे. मालात घालावयाचे पाणी त्यातून घेऊ नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका शेतापर्यंत येईल असा रस्ता कोणता, हे कामापूर्वीच ठरवून ठेवावे.

इंजिनाचा धूर

झऱ्याचे पाणी उपसण्यासाठी डिझेल इंजिन विहिरीत उतरविण्याची किंवा काठाला टेकवून ठेवण्याची सवय अजून गेलेली नाही. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग वा वास नसतो. तो खोल विहिरीत साचला म्हणजे माणसास गुंगी येते व तो आवाज न करता खाली पडतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायू कमी आहे की नाही एवढेच सांगते. हा वायू कंदिलास कळत नाही. इंजिन व मिक्सर काठापासून दूर, वारा विहिरीकडून त्यांच्याकडे जाईल अशा बाजूस ठेवावेत. खाली कोणी बेशुद्ध पडल्यास त्याच्यामागे दुसऱ्याने उडी घेऊ नये. पट्ट्याच्या दोराने त्यास वर ओढावे. पट्टा सर्वांनी बांधावा तो याकरिताही.

विजेच्या तारांविषयी थोडे. शेतातील पंपांच्या तारा पुष्कळदा विहिरीवरूनच जातात व उन्हाळ्यात त्या खाली लोंबतात. लोखंडी पन्हळ किंवा सोंडेचे तुकडे उभे धरून नेऊ नयेत, दोघांनी आडवे न्यावेत. यारीचा बाहू तारेकडे वळत असेल तर वीज कंपनीकडून तेवढ्या दिवसांपुरता प्रवाह बंद करून घ्यावा.

तयार काँक्रीटची गाडी आल्यास

शहरालगतच्या गावांत आता तयार काँक्रीट गाडीने मागविले जाते. सहा घनमीटरच्या गाडीत नुसते काँक्रीटच चौदा टनांवर असते, गाडीचे वजन वेगळे. अशी गाडी काठाजवळ आणणे म्हणजे काठ स्वतः ढासळविणे होय. विहीर जितकी खोल, निदान तितक्या अंतरावर गाडी उभी करावी. दहा मीटर खोल विहिरीस दहा मीटर. गाडीची पन्हळ तेथून काठापर्यंत पोचत नाही, व चालक थोडे मागे घेऊ का, असे विचारतो. त्यास नकार द्यावा आणि उरलेले अंतर हातगाड्यांनी तोडावे. गाडी मागे येताना खुणा करणारा चालकाच्या आरशात दिसेल असा बाजूस उभा राहावा, मागे नव्हे.

गाडीच्या पन्हळीचा दुमडता भाग जड असतो. तो खाली सोडताना सांध्यात बोटे सापडून चिरडतात. दोन्ही बाजूंनी दोघांनी धरून, सांध्यापासून हात दूर ठेवून तो उघडावा व खिट्टी बसल्याची खात्री करूनच माल सोडावा. पन्हळ फिरविताना तिच्या वाटेत कोणी उभे नसावे.

माल उरकल्यावर चालक पन्हळ धुतो. ते पाणी विहिरीत, पाटात किंवा पिकात जाऊ देऊ नये. ते अतिशय क्षारयुक्त असते व जनावरांनी प्यायल्यास बाधते. काठापासून दूर, उताराच्या खालच्या अंगास एक खड्डा आधीच खणून ठेवावा व त्यात प्लॅस्टिकचा कागद पसरावा. पाणी आटल्यावर तळाशी राहिलेला कडक थर फोडून शेतरस्त्याच्या भरावास वापरता येतो.